पासष्टावं नाव

“हितं कुठंतरी कंप्युटरचं हापिस हाय म्हणं… पाण्याच्या पाळीचं ॲप करणाऱ्यांचं?”

चहाचा ग्लास ओठांशी नेता नेता संजीवनी थांबली. बारामती एमआयडीसीतल्या त्या टपरीवर सकाळी साडेदहाला कंपन्यांतल्या माणसांची झुंबड असते. मोटारसायकली वाटेल तशा लावलेल्या, हातात ग्लास, तोंडात कालच्या मॅचच्या गप्पा. प्रश्न विचारणारा मात्र त्यांच्यातला नव्हता. उंच, रापलेला, कारखान्याचा निळा शर्ट, आणि हातात गुंडाळी केलेला कागद. डिसेंबरच्या थंडीत लांबून गाडी मारत आल्यामुळं त्याच्या डोळ्यांत पाणी होतं… आणि चेहऱ्यावर राग.

“काय काम काढलंय तितं?” टपरीवाल्यानं विचारलं.

“भांडायचं हाय,” तो म्हणाला. दळण आणायचंय म्हणावं, इतक्या शांतपणे.

संजीवनीला राहवलं नाही. “कुणाशी?”

“ही यादी ज्यानं तपासली त्याच्याशी.” त्यानं कागद हलवला. “चौसष्ट नावं पायजेत, चौसष्ट भरली, झालं — बरोबर म्हणून गडी मोकळा. आंधळाच आसंल.”

“गडीच कशावरून? बाई पण असू शकते.”

“बाई आसती तर नीट बघितलं आसतं की हो!”

तिला ठसका लागला. तो घाईघाईनं बाजूला सरकला, टपरीवरचा पाण्याचा मग तिच्यापुढं धरला. “सावकाश, म्याडम.” मग खाली वाकून, “तुमाला ठावं हाय का ते हापिस?”

“चला,” ती डोळे पुसत म्हणाली, “दाखवते.”

समोरच्या इमारतीचा जिना ती पुढं, तो मागं, असे चढले. वर जाऊन तिनं पर्समधून किल्ली काढली, कुलूप उघडलं, दिवा लावला. आठ टेबलं, आठ खुर्च्या. सात रिकाम्या. आठव्या खुर्चीवर ती स्वतः बसली, ओढणी सारखी केली आणि समोरची खुर्ची त्याला दाखवली.

“बसा. आणि करा सुरू.”

“काय?”

“भांडायला आलात ना?”

त्याचा चेहरा असा उतरला, की संजीवनीला कितीतरी दिवसांनी खळखळून हसू आलं. त्या रिकाम्या खोलीत ते हसू जरा मोठंच घुमलं — आणि तिचं तिलाच चमकल्यासारखं झालं.

* * *

त्याचं नाव अविराज. इंदापूर तालुक्यातल्या एका छोट्या उपसा सिंचन संस्थेचं पाणीवाटप तो बघायचा आणि उरलेल्या वेळात लोणी देवकरच्या एका कारखान्यात पाळीवर काम करायचा. संस्थेचे चौसष्ट सभासद. दर पंधरा दिवसांनी पाण्याची पाळी. कुणाचं पाणी किती वाजता, हे पूर्वी चावडीच्या फळ्यावर लिहीत. यंदापासून मोबाइलवर मेसेज जात होते. ज्याच्या नावानं मेसेज, त्याच्या शेताकडं चारीतलं, म्हणजे पाटातलं, पाणी सोडणारं दार उघडायचं. मेसेज नाही तर पाणी नाही.

“आता हे बघा.” त्यानं कागद टेबलावर पसरला. “म्हाळसाबाई. सहाव्या नंबरला. आन परत… एकोणसाठला.”

“मग? दोघी असतील.”

“दोघीच हायत! म्हाळसाबाई झुंबर येगळी, म्हाळसाबाई गेणू येगळी. दोघींचं आडनाव एक. तुमच्या यादीनं मधलं नाव उडवलं आन एकीलाच दोन बारी घेतलं. झुंबरआबाच्या बायकूला दोन डाव मेसेज. गेणूकाकाच्या बायकूला एक बी न्हाय.” त्यानं एकोणसाठवर बोट ठेवलं. “त्या दिवशी मी कारखान्यावर होतो. दारावर दुसरा माणूस होता. त्यानं यादी बघून काम केलं… काकू दिवसभर बांधावर बसून राहिली. पाणी तिच्या पुढनं गेलं. कांद्याचं सगळं रोप वाळलं.”

संजीवनीनं कॉम्प्युटर सुरू केला. तिचं काम चाचण्या लिहिण्याचं. एकदा लिहून ठेवलेल्या चाचण्या रोज सकाळी आपोआप चालत. यादी तयार झाली का, तीत जितकी नावं हवीत तितकी आली का, हे बघत. सगळं जुळलं तर हिरवी खूण, नाही तर लाल. या यादीसाठीची ओळ तिनं स्वतः लिहिली होती: यादीचा आकार चौसष्ट असावा. बस. आणि त्या दिवशी तिथं छानपैकी हिरवी खूण उमटली होती.

एक बाई गळाली, एक दुबार आली. बेरीज तीच. संजीवनीचे कान तापले.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मी फक्त किती ते मोजलं. कोण ते बघितलंच नाही.”

अविराज भांडायचं ठरवून चाळीस-पन्नास किलोमीटर आला होता. आता समोरचं माणूस एका वाक्यात चूक कबूल करून बसलं म्हटल्यावर त्याला काय करावं सुचेना. त्यानं इकडं तिकडं बघितलं. भिंतीवर कुणाच्या तरी वाढदिवसाची फाटकी झालर अजून लटकत होती.

“बाकीची माणसं कुठं गेली हितली?”

“पुण्याला. एकेक करत सगळी.”

“आन तुमी एकट्याच?”

“मी आणि तो पाण्याचा जार,” तिनं कोपऱ्याकडं बोट केलं. “पूर्वी दोन दिवसांत संपायचा. आता तीन आठवडे पुरतो.”

हे ती गमतीनंच म्हणाली होती. पण तो हसला नाही. त्यानं जाराकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं… आणि ती नजर संजीवनीला उगीचच फार वेळ आठवत राहिली.

* * *

संजीवनी मूळची कळसची. दोन वर्षांपूर्वी आई, कौसल्या, गेली. घरी वडील, आप्पासाहेब. माणूस मायाळू, पण बोलणं मोजकं. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. “बरी हायस न्हवं?” “हो.” “मग ठेव.” आई असताना ह्याच फोनवर तास-तास जायचा. बारामतीत ती सरुबाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. सरुबाई चांगल्या होत्या, पण त्यांची टीव्हीवरच्या मालिकांतल्या माणसांशी ओळख जास्त. दिवसभरात संजीवनी जे काही बोलायची ते कॉम्प्युटरच्या पडद्याशी — “हॅलो, माझा आवाज येतोय का?” येत असायचा. पण त्या आवाजाला कुणी काही विचारत नसे.

त्या दुपारी तिनं पुण्याला राजवर्धन सरांना सगळं सांगितलं. सर वाईट नव्हते, घाईत होते.

“काउंट जुळतोय ना? मग टेस्ट पास आहे, संजीवनी.”

“टेस्ट पास आहे सर. पण बाईला पाणी मिळालं नाही.”

“ठीक आहे. पुढच्या पाळीच्या आत दुरुस्त कर. पण खरी यादी संस्थेकडून पूर्ण नावांनिशी घे. आणि हो… ते बारामतीचं ऑफिस आपण महिनाअखेर बंद करतोय. तुला इकडं यावं लागेल. मेल पाठवतो.”

फोन बंद झाला. संजीवनी बराच वेळ सात रिकाम्या खुर्च्यांकडं बघत राहिली. ह्या जागेवर तिचं प्रेम होतं असं नाही. पण ज्या शहरात आपली वाट बघणारं कुणी नाही, तिथं जाण्यासाठी जिथं आपल्याला निरोप देणारंही कुणी नाही, तिथून निघायचं… हे मात्र तिला नको वाटत होतं.

सकाळी अविराजनं दिलेल्या नंबरवर तिनं पूर्ण नावं हवीत असा मेसेज टाकला होता. चार वाजता फोन वाजला.

“म्याडम, अविराज बोलतोय. नावं सांगायची हुती.”

“सगळी पाठवून द्या ना, कागदाचा फोटो काढून.”

“कागदावर चुका हायत. मी शेतावर जाऊन, बघून सांगतो. म्हंजी पक्कं.” मग जरा चाचरत — “रोज आठ नावं. आठ दिवसात हुतंय.”

चौसष्ट नावं सांगायला अर्धा तास पुष्कळ झाला असता. हे त्यालाही माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

“चालेल,” संजीवनी म्हणाली.

* * *

मग रोज चारला फोन. त्याची कारखान्यातली पाळी तीनला सुटायची. गाडी शेताच्या कडेला लावून तो बोलायचा. मागं कधी उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी, कधी बगळ्यांचा कलकलाट, कधी नुसता वारा. ती पावणेचारलाच वही-पेन काढून बसायची. कॉम्प्युटरवर सरळ लिहिता आलं असतं, पण वहीत लिहायला जास्त वेळ लागतो.

“नंबर एकोणीस. बापूसाहेब. ह्यांचं पाणी लावायचं म्हंजी आधी त्यांचा चहा प्यावा लागतो. न्हाय पिला तर पुढची पाळी हुस्तोवर बोलत न्हाईत.”

“हे यादीत लिहायचं?”

“लिवा की. तुमच्या कंप्युटरला जरा माणूस कळू दे.”

“कॉम्प्युटरला फक्त पूर्ण नाव आणि गट नंबर लागतो.”

“आन तुमाला?”

खिडकीबाहेर आभाळ भरून आलं होतं. हिवाळ्यातलं ते निरुद्योगी आभाळ, पडेल न पडेल असं. काचेवर दोन-चार थेंब आले.

“मला… सांगा,” ती हळूच म्हणाली.

आणि तो सांगत गेला. एकतीस नंबरच्या छकुलीबाई — वय अठ्ठावन्न, पण शाळेत दुसरं नाव घालायचंच राहिलं म्हणून सातबाऱ्यावर आजही छकुलीच. चाळीस नंबरचे आबा, जे पाणी आलं की बाजारात जुना सोबती भेटल्यासारखे चारीशी गप्पा मारतात. बेचाळीस-त्रेचाळीसचे दोघे भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत पण एकमेकांच्या वाफ्याचं दार बरोबर वेळेवर फिरवतात. आठवडाभरात संजीवनीला त्या न पाहिलेल्या शिवाराची इतकी ओळख झाली, की संध्याकाळी खोलीवर जाताना ती माणसं तिच्याबरोबर चालत असल्यासारखी वाटायची.

नावांच्या मधे-मधे तोही येत राहायचा, आणि तिच्याकडून कळस, आई, आप्पासाहेब. एकदा तिनं विचारलं, “तुमचे मित्रबित्र?”

“हायत की. व्हॉट्सॲपवर.” तो हसला. “सगळी पोरं चाकण, हिंजवडी. दिवाळीला येत्यात. चार दिवस लय दंगा. मग परत मी आन चारी.”

फोनच्या दोन टोकांना दोन रिकाम्या जागा आहेत आणि त्या एकमेकींना ओळखतात, असं तिला त्या क्षणी वाटून गेलं.

“मला म्याडम म्हणू नका,” ती एकदम म्हणाली.

“मग?”

“संजीवनी.”

“…संजीवनी.” त्यानं ते नाव असं जपून उच्चारलं, की तिनं पेन खाली ठेवलं.

आठव्या दिवशी शेवटची आठ नावं. सत्तावन्न, अठ्ठावन्न… एकोणसाठ, म्हाळसाबाई गेणू. ते नाव दोघांनीही दोनदा तपासलं. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. मग तो थांबला.

“चौसष्ट?” तिनं विचारलं.

“चौसष्ट नंबर… अविराज. जमीन दीड एकर, अगदी शेवटाला. पाणी सगळ्यांचं झाल्यावर. कारखान्यात नोकरी हाय, पर कायम न्हाय. वय एकोणतीस. सात ठिकाणी पोरगी बघून झाली. पुण्यात फ्लॅट न्हाय, म्हणून सातबी ठिकाणी नगं म्हणाले.”

“हे… यादीत लिहायचं?”

“न्हाय. हे तुमाला.”

ओठांवर काहीतरी आलं होतं, नक्की आलं होतं. तेवढ्यात समोरच्या पडद्यावर राजवर्धन सरांचं नाव लुकलुकायला लागलं. मीटिंगला सगळे जमले होते. “मी — मला ठेवावं लागेल,” ती गडबडीनं म्हणाली आणि फोन ठेवला.

मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते तिला आठवत नाही. नंतर तिनं फोन हातात घेतला, नंबर काढला… आणि ठेवून दिला. उद्या तो करेलच की. चारला.

* * *

दुसऱ्या दिवशी चार वाजून गेले. फोन आला नाही. यादी संपली होती. फोनचं कारणही संपलं होतं. पावणेपाचला मात्र मेलवर त्याची फाइल आली. संस्थेनं मंजूर केलेली, पूर्ण नावांची, पक्की यादी.

संजीवनीनं या आठ दिवसांत चाचणी नव्यानं लिहिली होती. आता ती नुसता आकार बघत नव्हती. प्रत्येक नाव, मधल्या नावासकट, गट नंबरसकट, वहीतून उतरवलेल्या नावांशी ताडून बघत होती. काही चुकलं तर काय कमी, काय जास्त, तेही लिहून देत होती. तिनं फाइल चढवली, बटण दाबलं.

लाल.

‘अपेक्षित ६४, मिळाले ६५. जास्तीचं नाव —’

तिनं पुढं वाचलं. ‘संजीवनी आप्पासाहेब. गट नंबर : आमचाच, जर ती हो म्हणाली तर.’

ती हसली. आधी हसलीच. ओंजळीत तोंड लपवून, त्या रिकाम्या खोलीत एकटीच, लाजून लाल झाली. सात ठिकाणी नकार घेतलेला माणूस, ज्याला समोर बोलता येईना, त्यानं तिच्या यादीत…

टिंग. टिंग. टिंग.

चाचणी लाल झाली की तिचा अहवाल पुण्यातल्या सगळ्या टीमला आपोआप मेलनं जायचा. ही व्यवस्थाही संजीवनीनंच करून ठेवली होती. ‘अरे, हे काय आहे?’ ‘संजीवनी, तुझंच नाव ना हे?’ ‘अभिनंदन!!’ आणि शेवटी राजवर्धन सर : ‘परवा-तेरवा पाळी आहे. हा काय प्रकार? मला फोन कर.’

हसू जागच्या जागी विझलं. तिनं सरांना नव्हे, अविराजला फोन लावला.

“काय आहे हे?”

“संजीवनी, मी…”

“पाण्याची यादी आहे ती! एका बाईचं सगळं रोप वाळलं एका नावापायी — तुम्हीच आला होता ना भांडायला? आणि तुम्हीच त्यात थट्टा करता? माझं नाव सगळ्या ऑफिसनं वाचलं. मी इथं एकटी काम करते, कुणी मला ओळखतसुद्धा नाही, आणि आता ओळखणार ते असं!”

पलीकडं वारा वाजत होता.

“थट्टा न्हवती,” तो म्हणाला. “पर चुकलं माझं. काढतो नाव.”

दहा मिनिटांत नवी फाइल आली. तिनं चढवली. बटण दाबलं. अपेक्षित चौसष्ट, मिळाले चौसष्ट. प्रत्येक नाव बरोबर, प्रत्येक माणूस आपल्या जागी.

हिरवी खूण उमटली, आणि ती बघून संजीवनीला रडू फुटलं.

* * *

पुढचे दोन दिवस चार वाजायचे आणि निघून जायचे. तिनं वही टेबलाच्या खणात टाकली, मग काढली, मग पर्समध्ये ठेवली. सरुबाईंनी विचारलं, “जेवली न्हाईस व्हय?” आप्पासाहेबांनी विचारलं, “बरी हायस न्हवं?” तिच्या तोंडातून नेहमीचं ‘हो’ निघेना.

“आप्पा,” ती म्हणाली, “आई गेल्यापासनं तुम्हाला घरात कसं वाटतं हो?”

एवढा प्रश्न त्या घरात कुणी कुणाला विचारला नव्हता. आप्पासाहेब खाकरले. “कसं म्हंजी… दोन कप चहा टाकायची सवय हाय. टाकतो. एक वततो.” मग, “तू का विचारलंस?”

“असंच.”

“असंच न्हाय. पोरी, कुणाला काय सांगायचं आसंल तर सांगून टाक. मी तुझ्या आईला लय गोष्टी सांगायच्या ठिवल्या.”

त्यांनी फोन ठेवला नाही. तिनंही नाही.

पाळीच्या दिवशी संजीवनीनं रजा टाकली आणि बारामतीहून सकाळची पहिली एसटी धरली. अविराजला कळवायचं धाडस नव्हतं. एकोणसाठच्या म्हाळसाबाईंचा फोन नंबर यादीत होता, त्यांना आदल्या दिवशी फोन केला होता. “ये की,” त्या म्हणाल्या होत्या. “फाट्यावर उतर, पिवळी टाकी दिसंल, तिच्या सरळ रेषेत चालत ये.”

फाट्यावर उतरली तेव्हा शिवारावर धुकं होतं. उसाच्या पानांवरून दव टपकत होतं, कुठंतरी पाचट पेटवल्याचा वास. पिवळी टाकी निम्मीच दिसत होती. बांधावर एक किडकिडीत म्हातारी कानाला स्कार्फ बांधून उभी होती.

“तूच व्हय ती? फोनवर बारीक वाटली हुतीस.” त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग कमरेच्या बटव्यातला मोबाइल काढून पुढं केला. “मेसेज आलाय. शेजारच्यानं वाचून दावला. मला वाचाया येत न्हाय… माझं नाव कुठं हाय त्यात, दाव बरं.”

संजीवनीनं त्यांचं खरबरीत बोट धरून पडद्यावर ठेवलं. “हे म्हाळसाबाई. आणि हे बघा… गेणू.”

म्हातारी त्या अक्षरांकडं बघत राहिली. “ह्यांचंबी हाय व्हय,” ती हळू आवाजात म्हणाली. “रोप काय, दुसरीकडनं आणलं, लावलं बी. पर त्या दिशी ना, पोरी, वाटलं हुतं… ह्ये गेले आन मी बी कुणाच्या मोजण्यात न्हाय आता.”

संजीवनीनं ते बोट आणखी घट्ट धरलं.

मग चारीत पाणी आलं. आधी आवाज आला, सुक्या पाल्यातून काहीतरी सरपटत यावं तसा. मग फेसाची पिवळट कड, आणि पाण्याच्या पुढं-पुढं चालत, खांद्यावर फावडं घेतलेला अविराज. धुक्यातून तो आधी नुसता उंच होता, मग निळा शर्ट झाला, मग तो झाला. त्यानं तिला बघितलं आणि उभाच राहिला.

“तुमी?”

“यादी नीट चालतेय का बघायला आले.”

“चालतीय.” त्याची नजर खाली. “चौसष्टच हायत.”

“माहीत आहे. मी बघितलं.”

म्हाळसाबाईंनी दोघांकडं एकेकदा पाहिलं. “मी चहाचं बघती,” म्हणाल्या आणि लिंबाखालच्या चुलीकडं निघून गेल्या.

अविराजनं म्हाळसाबाईंच्या शेताचं दार मोकळं केलं. पाणी पहिल्या वाफ्यात शिरलं, कोवळ्या रोपांच्या मुळाशी पसरत गेलं. दोघंही त्या पाण्याकडंच बघत होती. एकमेकांकडं बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

“मी फार रागावले,” ती म्हणाली.

“बरोबरच हुतं ते. पाण्याच्या यादीत तसं लिवाया नगं हुतं.”

“नकोच होतं. पण… तुम्हाला एक सांगायचं राहिलं. ते नाव वाचल्यावर, मेल यायच्या आधी, राग यायच्या आधी… मी हसले होते.”

त्यानं मान वर केली.

“आणि मग तुम्ही काढूनच टाकलं. दहा मिनिटांत. एवढी काय घाई होती?”

“तुमीच म्हणालात की —”

“यादीतनं काढा, एवढंच होतं ते.”

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा फावड्याच्या दांड्यावरची त्याची पकड सुटली आणि ते चिखलात आडवं झालं. दोघांनाही ते उचलायचं सुचलं नाही.

“संजीवनी, माझं समदं तुला सांगितलंय,” तो म्हणाला. ‘तुमाला’चं ‘तुला’ झालेलं त्याच्या लक्षातही आलं नाही, तिच्या आलं. “फ्लॅट न्हाय. दीड एकर. तेबी शेवटाला.”

“माझं ऐका आता. ऑफिस बंद होतंय. सरांशी बोलले, मला आठवड्यातले तीनच दिवस पुण्यात जावं लागेल. तिथं एका खोलीत चौघी, त्यातली एक कॉट माझी. म्हणजे फ्लॅट माझ्याकडंही नाही. उरलेले चार दिवस मी कुठनंही काम करू शकते. फक्त इंटरनेट लागतं.”

“हितं टाकीवर चढलं की लय चांगली रेंज येती,” तो घाईनं म्हणाला, आणि मग स्वतःच्याच उत्साहाला ओशाळला.

ती हसली. पुढं व्हायला म्हणून पाऊल टाकलं — आणि ओल्या सरीत पाय घोट्यापर्यंत गेला. पाय वर आला, चप्पल आत राहिली. तोल जाताना तिनं त्याचा खांदा धरला.

“आयो… चप्पल!”

“थांब, हलू नगंस.” तो खाली बसला, चिखलात हात घालून चाचपू लागला. एका पायावर उभी राहून, त्याच्या खांद्यावर भार देऊन, ती त्याच्या केसांतले दवाचे थेंब बघत होती. चप्पल शोधता शोधता, वर न बघताच, तो म्हणाला :

“कळसला येऊ का? आप्पांस्नी विचाराया?”

“त्यांना नंतर. आधी मला विचार ना.”

त्याचा हात थांबला. त्यानं वर पाहिलं. सात ठिकाणच्या सात बैठकांत जे त्याला कधी स्वतः विचारावं लागलं नव्हतं, ते विचारताना त्याचा आवाज पार बारीक झाला.

“माझ्यासंगं… ऱ्हाशील?”

दोन वर्षांत तिला इतकं साधं काही कुणी विचारलं नव्हतं.

“व्हय,” संजीवनी म्हणाली.

“आरं ए अविराज!” लिंबाखालून म्हाळसाबाई ओरडल्या. “दारं कोण धरायचं? वाफा फुटला की रं! समदं पाणी चाललं बापूसायबाच्या रानात!”

तो धडपडत उठला आणि फुटल्या वाफ्याकडं धावत सुटला. फावडं मागंच राहिलं. हातात चिखलानं भरलेली एक लेडीज चप्पल. त्या चपलेनंच तो माती ओढायला लागला. आणि संजीवनी एका पायावर तोल सावरत, पोट धरधरून हसत त्याच्या मागं निघाली… मग दुसरी चप्पलही काढून तिनं बांधावर ठेवली आणि सरळ पाण्यात उतरली. पाणी गार होतं. वाफे अजून पुष्कळ भरायचे होते.